ढोलकी वाजली की दिवा बारीक

ढोलकीवर थाप पडली की गाडीचा दिवा बारीक व्हायचा. थाप गेली की पुन्हा मोठा. कोल्हापूरच्या शाहूपुरीत मी गाड्यांना टेप बसवायचं दुकान चालवलं, त्यात निम्म्या गिऱ्हाइकांची हीच तक्रार. उरलेल्या निम्म्यांची तक्रारच नव्हती, कारण आमच्याकडच्या माणसाला आवाज मोठा मिळाला की बाकीचं काही दिसत नाही.

दुकान म्हणजे एक शटर, एक बाकडं, आणि पुढं एक गाडी उभी राहील एवढा रस्ता. मी शिकलो सातवीपर्यंत, तेही मार खाऊन. वायरिंग शिकलो ते जळालेल्या पंपाच्या मोटारीत तार भरणाऱ्या एका माणसाकडं, तोही मार खाऊनच. नव्वद साल लागलं तेव्हा गाडीत नुसता टेप असला तरी माणूस खूश असायचा. मग ॲम्प्लिफायर आला, मागं ठेवायचा बेसचा डबा आला, आणि आवाज कमी करायचं बटण पण असतं हे लोक विसरले. गाड्यांचं सोडा, उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांनासुद्धा बेस पाहिजे. एका ट्रॅक्टरवाल्याला मी सरळ सांगितलं, "आवाज वाढीवला की तुजा म्होरचा दिवा बारीक हुतोय बघ."

"हुंदे की. ऊस काय दिवा बघून कारखान्याला जातोय?"

"आन् म्होरनं कोण आलं म्हंजे?"

"त्यो आवाज ऐकूनच बाजूला हुतोय की!"

असली गिऱ्हाइकं. मीही हसून बसवून द्यायचो. दिवा बारीक होण्यानं कुणाचं काही अडतं, असं मला तोवर वाटलंच नव्हतं. अडलं ते माझ्या घरात.

माझ्या बायकोला गाडी लागायची. थोडी नाही, जबर. तिचं माहेर गगनबावड्याच्या अलीकडं, मोठा रस्ता सोडून आत वर चढत जाणाऱ्या एका वाडीत. लग्न झाल्यावर पहिल्यांदा एसटीनं घेऊन गेलतो, तर वाटेतलं कळे गाव ओलांडल्यापासून तिचा पदर तोंडाला. लिंबू हुंगून झालं, आल्याचा तुकडा दाढेखाली धरून झाला, कुणीतरी सांगितलं म्हणून पोटावर वर्तमानपत्राचा कागद बांधून झाला. कागद बांधून ओकली. म्हणाली, "बातम्या वंगाळ असतील." मग माहेरी जाणं वर्षातून एकदा, पुढं दोन वर्षांतून एकदा, मग तिची आईच खाली यायला लागली. सासूबाईंना गाडी लागत नव्हती. घाटावरची बाई, दगड खाऊन पचवणारी.

पुढं मी एक जुनी व्हॅन घेतली. तिला टेप बसवला, मागं डबा बसवला. दुकानदाराची गाडी म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवायचा नमुना, म्हणून सगळं झकास. आमच्या ओळखीचा एक कॅसेट भरून देणारा होता, आपण गाणी सांगायची, तो एका कॅसेटवर भरून द्यायचा. हिनं आपल्या आवडीची भरून घेतली. सगळी ढोलकीची. एकही रडकं गाणं नाही.

त्या कॅसेटनं एक शोध लागला. एकदा पन्हाळ्याला निघालो. चढाची वळणं सुरू झाली, मी मनातल्या मनात गाडी कुठं थांबवायची ते बघून ठेवत होतो, आणि ही आपली गात बसलेली. वर पोचलो तरी गात होती. उतरल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. तोंडानं गाणं चालू असलं की पोट ढवळत नाही. पण त्यात एक मेख होती. तिचा आवाज बरा नव्हता, खोटं कशाला बोलू, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. ते तिला माहीत होतं. टेपचा आवाज तिच्या आवाजापेक्षा मोठा असला तरच ती गायची. बारीक केला की स्वतःचा आवाज ऐकू येऊन लाजायची, लाजून गप्प व्हायची, आणि गप्प झाली की पदर तोंडाला. म्हणजे टेप मोठाच पाहिजे.

त्यानंतर सासूबाई घरात पडल्या, मांडीचं हाड मोडलं. त्यांचं खाली येणं बंद झालं. आणि दोन हजार साल उलटून गेल्यावर एका दुपारी दुकानात मेव्हण्याचा फोन आला. आईच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टरनं सांगितलंय की गेलेली नजर परत येत नाही, आणि राहिली आहे तीही फार दिवस राहणार नाही. मोतीबिंदूसारखं ऑपरेशन करून मोकळं व्हायचं ते हे दुखणं नव्हे.

"आई काय म्हंती?" मी विचारलं.

"काय म्हननार. पोरीचं त्वांड बगायचंय म्हंती, नजर हाय तवर. औषध घाला म्हटलं की म्हंती, आदी पोरीला आना."

घरी जाऊन सांगितलं. ही भाकरी थापत होती. ती तव्यावर टाकली, दुसरी थापायला घेतली, आणि म्हणाली, "उद्याच जायाचं."

भाद्रपद होता. गणपती बुडवून झाले होते, पण गगनबावड्याच्या अंगाला पाऊस काही उठला नव्हता. तिकडचा पाऊस आणि इकडचा पाऊस म्हणजे दोन वेगळी राज्यं. कोल्हापुरात ऊन टाकून निघालो आणि कळ्याच्या पुढं भरदुपारी दिवे लावायची पाळी आली. धुकं असं की काचेवरचा वायपर दिसावा, त्यापुढं कापूस. दिवा चालू, वायपर चालू, टेप चालू, आणि ही गायला लागलेली.

आता ह्यातली गंमत सांगतो, म्हणजे गंमत नव्हती. ढोलकीचा ठोका एका झटक्यात वीज मागतो. बॅटरी पुढं, डबा मागं, चढावर गाडी रांगत असली की डायनामोही सुस्त. ठोक्याला डब्यानं घास ओढला की बाकीच्यांच्या ताटातलं कमी होतं. गावात त्याचं काही वाटत नाही. धुक्यात कळतं. ठोक्याठोक्याला दिवा बारीक, मोठा, बारीक, मोठा. डोळ्यांपुढं धुकं उघडझाप करायला लागलं. वायपर काचेच्या मधोमध अडखळायला लागला.

ही गाणं थांबवून म्हणाली, "अवो, मला काय बी दिसंना. तुमास्नी दिसतंय का?"

"न्हाय."

"मग बंद करा की त्ये!"

टेप बंद केला. दिवा सरळ झाला. दोन वळणं गेली आणि ही म्हणाली, "थांबवा." पावसात दरवाजा उघडून ओकली. परत बसली. पुन्हा टेप लावला. पुन्हा दिव्याची फडफड. एका वळणावर वायपर अडकला तो अडकला, आणि त्याच वेळी समोरनं दुधाची गाडी आली. मला ती हॉर्नवरनं कळली. आरसा घासून गेली. मी व्हॅन कडेला घेतली. मग तीच म्हणाली, "वळवा माघारी."

वाडी तिथनं फार लांब नव्हती. तेच तिला जास्त लागलं. परत कळ्याला येईपर्यंत उलटीही झाली नाही, नुसती खिडकीतनं मागं बघत होती. कोल्हापूर जवळ आलं तेव्हा म्हणाली, "एका येळंला एकच हुतंय तुमच्या गाडीत. दिवा न्हायतर गाणं. आन् दुकानावर पाटी केवडी लावलीया!"

हे असं बोलायची. आणि खोटं नव्हतं.

मी दुसऱ्या दिवसापासून व्हॅनला लागलो. आधी बॅटरीची टोकं घासली. बारीक तार काढून करंगळीएवढी जाड टाकली. अर्थिंगच्या जागचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडला. निम्म्या गाड्यांचं दुखणं तिथंच असतं, रंगावरच तार आवळलेली असते. वायपर सुधारला. दिवाही सुधारला, पण मोठ्या थापेला अजून डोळा मारायचाच. मला उगाच वाटायचं की तो मला चिडवतोय.

तेवढ्यात जयसिंगपूरचं एक गिऱ्हाईक आलं. तंबाखूचा व्यापारी, आवाजाचा शौकीन. जुनी गाडी द्यायची होती, म्हणून त्यातला सगळा सरंजाम काढून नवीत बसवायला आणला होता. त्यात एक कॅपॅसिटर निघाला. पंख्यातला कंडेन्सर सगळ्यांना माहीत असतो, अंगठ्याएवढा. हा त्याचा आजा. चांगला थर्मासाएवढा, रुपेरी, डोक्यावर दोन जाड स्क्रू, एक अधिक एक उणे. व्यापाऱ्यानं नवीत त्याहून मोठा घेतला होता. म्हणाला, "पावणं, ह्यो ठेवा तुमालाच. तुमच्या त्या व्हॅनला घाला."

संध्याकाळी ही जेवणाचा डबा घेऊन दुकानात आली. बाकड्यावर बघून म्हणाली, "थर्मास कुणाचा राहिला?"

"थर्मास न्हाय ते. दिवा बारीक हुतोय, त्येचं औषध."

"म्हंजे दुसरी बॅटरी?"

"न्हाय. बॅटरी लांब हाय, ही शेजारीण हाय असं समज. तुला चहा उकळताना साखर कमी पडली तर तू बाजारात जातीस काय? शेजारनं वाटी आणतीस. मग सवडीनं भरून देतीस. तसं हे. ढोलकीला एकदम लागलं की ह्यातलं घ्यायचं, दोन ठोक्यांच्या मधी बॅटरी ह्याला परत भरून देती. तवर दिव्याच्या ताटाला हात लागत न्हाय."

तिनं विचार केला. "परत न्हाय दिलं तर?"

"तर शेजारीण रिकामी. मग तिचा काय उपेग न्हाय."

"आमची शेजारीण भरलेली असून उपेग न्हाय," ही म्हणाली, आणि डबा ठेवून गेली.

जुना कॅपॅसिटर घ्यायचा तर आधी तो भरून ठेवून बघावा लागतो. रात्रभर धरून राहिला तर चांगला, सकाळी रिकामा सापडला तर फेकायचा. मी भरून बाकड्यावर ठेवला आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी अवजारांची पूजा. पैलवानाकडं गदा, न्हाव्याकडं वस्तरा, माझ्याकडं पक्कड, पाने, ड्रिल, डाग द्यायचा कैया, मीटर. ही सकाळी ताम्हण, झेंडू, हळद-कुंकू घेऊन दुकानात आली. मी पुढं शिडीवर चढून फुलांचं तोरण बांधत होतो. हिनं पाटावर कापड टाकून सगळी हत्यारं मांडली, आणि नवं हत्यार घरात आलंय म्हणून त्या थर्मासाला मधोमध मान दिला. मला विचारलं नाही. मीही वळून बघितलं नाही. पुढं आयुष्यभर ह्यावर आमचं भांडण झालं. मी म्हणायचो चूक निम्मी निम्मी. ती म्हणायची सगळी तुमची.

हिनं बोटानं कुंकू लावायला हात पुढं केला आणि हातातली सोन्याची पाटली दोन्ही स्क्रूंवर आडवी टेकली.

लवंगी फटाक्यासारखा आवाज. निळा-पांढरा लखकन उजेड. ताम्हण उडालं, कुंकू भिंतीला, ही मागं बसलेली. मी शिडीवरनं उडी टाकली. शॉक बसत नाही त्याचा, बारा व्होल्ट म्हणजे माणसाला काही नाही, पण सोन्याला कळलं. पाटलीच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढी खाच पडली होती, वितळून. मनगटावर एक बारका चटका. बाकी काही नाही. पण भीती ती भीतीच. शेजारचा पंक्चरवाला धावत आला, आत डोकावला, कुणी मेलेलं नाही हे बघून म्हणाला, "वैनी, दिवाळी लांब हाय! फटाकं आजच?"

ही उठली. पदर झटकला. पाटली फिरवून खाच बघितली. माझ्या सासूबाईंनी लग्नात घातलेली पाटली होती ती. मग माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाली, "त्येला कुंकू लावलं तर त्यो चावला. ह्ये गाडीत असंल तर मी गाडीत न्हाय."

"अगं आईकडं जायाचं हाय की."

"चालत जाईन."

दसऱ्याला सोनं दिलं तर ते आपट्याचं पान तिनं माझ्या हातातनं घेतलं नाही, देव्हाऱ्यात ठेवा म्हणाली. मी कॅपॅसिटर व्हॅनमध्ये बसवला नाही. मेव्हण्याचा पुन्हा फोन आला. आई आता भिंतीला धरून चालते म्हणाला. समोर ताट ठेवलं की मधलं दिसतं, कडंचं दिसत नाही. मी हे हिला जसंच्या तसं सांगितलं. ती रात्री जेवली नाही, पण व्हॅनबद्दल शब्द काढला नाही.

मग एक दिवस ती डबा घेऊन आली तेव्हा मी म्हणालो, "बस जरा." नंबरप्लेटच्या दिव्यातला बारका बल्ब घेतला. त्याच्या दोन तारा कॅपॅसिटरला लावल्या. बॅटरी नाही, गाडी नाही, नुसता तो थर्मास आणि बल्ब. बल्ब लागला. चांगला लागला. मग हळूहळू पिवळा झाला, लाल झाला, विझला.

"झालं. आता त्यात काय न्हाय. लाव हात."

तिनं हात लावला नाही. पाटली लावली. मुद्दाम, खाच पडलेली बाजू, दोन्ही स्क्रूंवर आडवी. मान मागं घेऊन, डोळे मिटून. काही झालं नाही. एक डोळा उघडला, मग दुसरा.

"परत भरा," म्हणाली.

मी बल्ब मधे धरूनच बॅटरीला लावला. भरताना बल्ब मधे घालायचा असतो, म्हणजे सावकाश भरतो, ठिणगी उडत नाही. बल्ब भगभगून लागला आणि पुन्हा हळूहळू विझला.

हिच्या कपाळाला आठी. "भरताना बी दिवा लागून विझतोय, रिकामा हुताना बी लागून विझतोय. मग बघून वळखायचं कसं, भरलाय का रिकामा?"

"बघून न्हाय कळत. मीटर लावाय लागतंय."

"माझ्यापाशी कुटला मीटर? मी काय हात लावत न्हाय." थोडा वेळ बल्बाकडं बघत राहिली. "बसवा गाडीत. पर माझ्या पायापाशी नगो. मागं ठेवा."

त्यानंतर ती जेव्हा जेव्हा दुकानात आली तेव्हा मला तो बल्ब लावून दाखवायला लावायची. का ते कधी सांगितलं नाही. विझेपर्यंत बघायची, आणि विझला की उठून जायची.

दिवाळीच्या तोंडावर निघालो. दुपारचं गिऱ्हाईक उरकून निघालो म्हणून उशीर झाला. पाऊस सरला होता, पण वर चढावर धुकं तसंच. दिवे लावले. कॅसेट लावली. पहिली थाप पडली आणि मी श्वास धरला. दिवा हलला नाही. दुसरी थाप. नाही. ही गायला लागली. मी गाणं काही ऐकलं नाही, खरं सांगतो, मी दिवा ऐकत होतो. मागल्या खेपेला माघारी वळलो होतो ती जागा आली तेव्हा हिनं गाणं थांबवलं नाही, नुसतं बोट करून दाखवली, आणि आवाज आणखी चढवला. कधी नव्हे तो मला तो आवाज गोड लागला.

वाडीत पोचलो तेव्हा दिवस बुडत होता. आणि वाडीत लाईट नाही. भारनियमनाचे दिवस, संध्याकाळी जायची ती जेवणं झाल्यावर यायची. मेव्हण्यानं ओसरीवर कंदील ठेवला होता. सासूबाई भिंतीला टेकून बसलेल्या. ही धावत गेली, पायाशी बसली, हात हातात घेतला. सासूबाईंनी तिच्या तोंडावरनं हात फिरवला आणि मान इकडंतिकडं करत राहिल्या.

"कुटं हाइस गं? काळं दिसतंय नुसतं. कंदिलात न्हाय दिसत मला. उजेडात दिसतं थोडं."

"सकाळी बग की आई, उनात," मेव्हणा म्हणाला.

"सकाळचं कुणी सांगितलंय! रोज सकाळी उठलं की थोडं कमीच दिसतंय."

हिनं माझ्याकडं बघितलं. मी उठलो. व्हॅन वळवून तोंड ओसरीकडं करून अंगणात घातली. मोठा दिवा लावला. मेव्हण्यानं सासूबाईंना उचलून अंगणात खुर्चीवर बसवलं, व्हॅनकडं तोंड करून, उजेडाच्या कडेला. मी हिला म्हणालो, "तिच्यापुढं खाली बस, दिव्याच्या उंचीला."

ती बसली, आणि ओसरीच्या पांढऱ्या भिंतीवरनं उजेड उलटून तिच्या तोंडावर आला. मी परत गाडीत गेलो, कारण गाडी नुसती चालू ठेवली तर डायनामो झोपतो, पाय देऊन धरायला लागतं. तेवढ्यात सासूबाई ओरडल्या, "पावणं! गाणं का बंद केलंसा? लांबनं ऐकाय येत हुतं चांगलं. लावा की!"

लावलं. ढोलकी अंगणभर. दिवा सरळ. सासूबाईंनी मान थोडी वाकडी केली, थोडी पुढं, भोकातनं बघावं तशी, आणि एका जागी थांबवली.

"हलू नगंस," म्हणाल्या.

ही हलली नाही. मीही पाय हलवला नाही.

"क्येस पिकलं की गं."

"पिकणार न्हायतर काय! पोरगी लग्नाला आली माझी."

"आन् वाळलीस किती! ह्ये पावणं जेवाय घालत न्हाईत काय?"

"गाणं ऐकवत्यात की," ही म्हणाली. "त्येच्यावर भागतंय."

सासूबाई हसल्या. मग तिचा हात वर धरला, उजेडात फिरवला, आणि मनगटापाशी थांबल्या. "ह्या पाटलीला काय झालं? मी घातली तवा अशी नव्हती. कुणी चावली का काय?"

तेव्हा कळलं की दिसतंय. उगाच समाधानाला बोलत नव्हत्या. तांदळाएवढी खाच त्या बाईला दिसली होती. हिनं हात तोंडावर ठेवला, आणि तिचे खांदे हलायला लागले. हसत होती की रडत होती ते मला सांगता येणार नाही, कारण माझ्याकडं तिची पाठ होती. त्या दिवशी तिच्या आईनं तिचं तोंड पोटभर बघितलं. मी पाय दाबून धरला होता, मला नुसती पाठ आणि उजेडात उडालेले केस दिसले.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सासूबाईंची नजर पूर्ण गेली. पण आम्ही जात राहिलो. गाणं चालू, दिवा चालू. आता अलीकडं गाड्या कंपनीतनंच आवाज घेऊन येतात, कॅसेट गेली, पेनाच्या टोपणाएवढ्या डबीत हजार गाणी मावतात, माझं शटर अर्धंच उघडतं. आमची व्हॅन तीच, टेप तोच.

गेल्या श्रावणात ही गेली. ताप आला, पेशी कमी झाल्या म्हणाले, आणि आठवड्याच्या आत संपलं. लोक भेटायला आले ते म्हणाले, हाल झाले नाहीत, चांगलं मरण आलं. मी दोघा-तिघांना हाकललं. मरणात चांगलं काय असतंय? ज्याला आवडतं त्यानं घ्यावं.

सासूबाईंना आणण्यासारखं नव्हतं, मेव्हणा एकटाच येऊन गेला. दिवसकार्य उरकलं आणि मी पाटली खिशात घालून एकटा वाडीला निघालो. त्याआधी आमच्या पोरीच्या सांगण्यावरनं सोनाराला दाखवली होती. तो म्हणाला, खाच घासून सरळ करून देतो. मी त्याच्या हातातनं काढून घेतली.

कळ्याच्या पुढं धुकं लागलं. दिवे लावले. कॅसेट आतच होती, लावली. शेजारी कुणी गात नव्हतं, म्हणून आवाज मोठा ठेवायचं काही कारण नव्हतं, पण हात सवयीनं तिथंच गेला. आणि थाप पडली तसा दिवा बारीक झाला. पुन्हा थाप, पुन्हा बारीक. इतकी वर्षं गाडीच्या तापात राहून कॅपॅसिटर आतनं वाळून गेला होता. वाळतातच. कधी वाळला ते मला कळलं नाही. माझ्या गाडीचं मलाच. टेप बंद केला असता तर दिवा सरळ झाला असता. मी बंद केला नाही. हळू चालवत गेलो.

अंधारताना वाडीत पोचलो, व्हॅन ओसरीकडं तोंड करून लावली. सासूबाई ओसरीवरच होत्या. डोळे उघडे, पण कुठंतरी भलतीकडं. मी पाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती गोल फिरवली, अंगठा फिरत फिरत खाचेपाशी आला आणि तिथंच राहिला. बराच वेळ राहिला.

"हीच," म्हणाल्या. मग माझा हात चाचपून पाटली परत माझ्या मुठीत घातली. "मला काय करायची? नातीला घाला."

मी म्हणालो, "व्हय."

"गाणं वाजत हुतं. वळणापासनं ऐकाय येत हुतं. का बंद केलंसा?"

मी अंगणात गेलो, व्हॅन चालू केली, टेप लावला, दिवे लागलेलेच होते. ढोलकी सुरू झाली. सासूबाईंनी मान भिंतीला टेकवली आणि मांडीवर बोटानं ठेका धरला. त्यांच्या मागच्या भिंतीवर उजेड थापेथापेला बारीक होत होता, मोठा होत होता. त्यांना ते दिसत नव्हतं. मी पाय न देता गाडीत बसून बघत राहिलो.

दुकानात दुसरा कॅपॅसिटर पडून आहे. नवा, खोक्यातला. मी अजून बदललेला नाही.